आमची कंपनी, तुमची कंपनी : फोनच्या भांडणांवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आयफोन की अँड्रॉइड यावर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. त्यातही कोणता फोन घेऊ असं विचारणारे कमीच, ज्यांच्याशी ऑनलाइन जुंपलीय त्यांचं तोंड कसं बंद करू असं विचारणारे जास्त. म्हणून या वेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. नावं छापत नाहीये, बरीचशी भांडणं घरातलीच आहेत.

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर माझा आतेभाऊ आयफोनवाला आहे. कुणी फोनचा विषय काढला की हा सुरू, अँड्रॉइड म्हणजे कचरा, हँग होतो, सिक्युरिटी नाही, मेसेज हिरवे दिसतात वगैरे. माझा २२ हजारांचा फोन मस्त चालतोय. याला गप्प कसं करू? (एक वाचक, सांगली)

उत्तर : गप्प करायच्या फंदात पडू नका, ते होणार नाही. ज्याने फोनला ८० हजार मोजलेत आणि ज्याचे हप्ते अजून चालू आहेत तो माणूस २२ हजारांतही भागलं असतं हे सगळ्या आत्या-मामांसमोर कबूल करेल का? लिऑन फेस्टिंजर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्येच हे मांडून ठेवलंय, की आपल्या निर्णयाशी न जुळणारी माहिती समोर आली की माणूस बेचैन होतो आणि मग निर्णय चुकला म्हणण्यापेक्षा ती माहितीच खोटी म्हणणं त्याला सोपं जातं. हे तुम्हालाही लागू आहे बरं का, फोन ‘मस्त चालतोय’ हे सर्टिफिकेट तुम्हीच दिलंय.

आता मुद्द्याचं. अँड्रॉइड ही एक कंपनी नाही हे त्याला एकदा शांतपणे सांगा. गुगल मूळ सॉफ्टवेअर बनवतं, त्यावर सॅमसंग, शाओमी, विवो, मोटोरोला असे सगळे आपापला थर चढवतात, त्यामुळे अँड्रॉइड कचरा म्हणणं म्हणजे एसटीच्या लाल डब्यापासून मर्सिडीजपर्यंत सगळ्याला ‘गाडी’ म्हणून एकच शिवी घालण्यासारखं आहे. पण सिक्युरिटीचा त्याचा मुद्दा अगदीच फेकून देऊ नका. फोनला सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हे अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक काय, मॉडेलगणिक बदलतं. गुगलने पिक्सेल ८ ला २०२३ मध्ये आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला २०२४ मध्ये सात-सात वर्षांचे अपडेट जाहीर केले, पण ते महागड्या फोनांना. तुमच्या २२ हजारवाल्याला किती वर्षं मिळणार ते कंपनीच्या साइटवर शोधून काढा, आणि ते दोन वर्षांत संपत असेल तर या मुद्द्यावर आतेभाऊ बरोबर आहे, काय करणार.

हिरव्या मेसेजचं भांडण मात्र सरळ अमेरिकेतून इम्पोर्ट झालंय. तिकडे बरेच लोक फोनमधल्या साध्या मेसेज ॲपवरच गप्पा मारतात, त्यात आयफोन ते आयफोन निळा बुडबुडा आणि अँड्रॉइडवाल्याचा हिरवा, त्यावरून शाळाकॉलेजात पोरं एकमेकांना चिडवतात. २०२२ मध्ये एका कार्यक्रमात कुणीतरी ॲपलचे प्रमुख टिम कुकना म्हणालं की माझ्या आईला मी पाठवलेले व्हिडिओ नीट दिसत नाहीत, तर साहेब म्हणाले आईला आयफोन घेऊन दे! पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ या आयफोनच्या सॉफ्टवेअरसोबत ॲपलने आरसीएस, म्हणजे एसएमएसच्या पुढची मेसेजची पद्धत, आणलं आणि फोटो-व्हिडिओची रड बरीच कमी झाली, रंग तेवढा हिरवाच ठेवला. आपल्याकडे अख्खं खानदान व्हॉट्सॲपवर आहे, हे भांडणसुद्धा तुम्ही व्हॉट्सॲपवरच करताय ना? आतेभावाला विचारा, बँकेचा ओटीपी सोडून तू ते मेसेज ॲप शेवटचं कधी उघडलंस.

प्रश्न : कंपन्या जुने फोन मुद्दाम स्लो करतात हे खरं की अफवा? ऑफिसात यावरून दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते सिद्ध झालंय, ॲपलने कोट्यवधी डॉलर भरलेत. दुसरी म्हणते ते बॅटरीसाठी होतं, ग्राहकाच्याच भल्याचं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही पार्ट्यांनी अर्धी अर्धी गोष्ट वाचलीय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

२०१६ च्या शेवटाला आयफोन ६ आणि ६एस वापरणाऱ्यांची तक्रार होती की बॅटरी ३०-४० टक्के दाखवते आणि फोन फटकन बंद पडतो. याचं कारण खरंच बॅटरीत होतं. लिथियम-आयन बॅटरी म्हातारी झाली की तिचा आतला रोध वाढतो, मग प्रोसेसरने एकदम जास्त करंट मागितला, म्हणजे कॅमेरा उघडला, गेम सुरू केला, की व्होल्टेज धाडकन खाली येतं आणि फोन स्वतःला वाचवायला बंद होतो. थंडीत हे जास्त. ॲपलने जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आणलं आणि त्यात बॅटरी दमलेली असेल तर प्रोसेसरचा जोर कमी करायची सोय घातली. फोन बंद पडायचे कमी झाले. पण त्याच्या बदल्यात तुमचा फोन स्लो होणार आहे आणि नवी बॅटरी टाकली की परत पळायला लागेल, हे काही कुणाला सांगितलं नाही.

ते बाहेर कसं आलं ते या कॉलमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं. डिसेंबर २०१७ मध्ये रेडिट या चर्चेच्या साइटवर एका साध्या वापरणाऱ्याने लिहिलं की माझा ६एस रडत होता, बॅटरी बदलली आणि गीकबेंच या फोनचा वेग मोजणाऱ्या ॲपवरचा स्कोअर एकदम वर गेला. त्यावर नेहमीप्रमाणे तुझाच फोन खराब असेल, तुला काय कळतंय वगैरे झालं असणारच, पण गीकबेंच बनवणारे जॉन पूल यांच्याकडे लोकांच्या फोनांचे स्कोअर साठलेले होते, त्यांनी सरळ आलेख काढला. जुन्या व्हर्जनवर बहुतेक ६एस एकाच स्कोअरच्या आसपास, आणि १०.२.१ नंतर खाली खाली वेगवेगळे उंचवटे, म्हणजे तेच मॉडेल पण काही फोन ठरावीक पायऱ्यांवर अडवलेले. दोनच दिवसांत, २० डिसेंबरला, ॲपलने मान्य केलं, २८ डिसेंबरला माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरची बॅटरी ७९ डॉलरची २९ डॉलरला केली. मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ आलं आणि सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत दिसायला लागली. इतकी वर्षं ते का नव्हतं कुणास ठाऊक.

मग पैसे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला, पण तो फोन स्लो केला म्हणून नाही, ग्राहकाला सांगितलं नाही म्हणून. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, त्यात ॲपलने चूक कबूल केलेली नाही. तर तुमच्या पहिल्या पार्टीला सांगा की नवा फोन विकायला जुना मुद्दाम मारला हे कुठे सिद्ध झालेलं नाही. आणि दुसऱ्या पार्टीला विचारा की ग्राहकाच्या भल्याचं होतं तर लपवलं कशाला, कारण ज्या माणसाचं काम बॅटरी बदलून झालं असतं त्याने बिचाऱ्याने नवा फोन घेतला त्याचं काय?

आणि कुणी तिसरा म्हणालाच की आमचं सॅमसंग असलं काही करत नाही, तर २०१८ मध्ये इटलीने जुन्या फोनवर जड अपडेट लादल्याबद्दल ॲपलला एक कोटी युरो आणि सॅमसंगला नोट ४ साठी पन्नास लाख युरो असा दंड एकाच दिवशी केला होता. पुढे २०२२ मध्ये गॅलेक्सी एस२२ च्या वेळी सापडलं की सॅमसंगचं एक गेमवालं सॉफ्टवेअर बऱ्याच ॲपना वेगाची मर्यादा घालतं पण स्कोअर मोजणाऱ्या ॲपना मोकळं सोडतं. म्हणजे परीक्षेत पहिला नंबर आणि एरवी दमादमाने. गीकबेंचने त्यांचे एस१० ते एस२२ पर्यंतचे फोन आपल्या यादीतून काढून टाकले होते.

तुमच्यासाठी एवढंच, की फोन स्लो झाला तर आधी बॅटरीची तब्येत बघा, ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बदला, आणि स्टोरेज काठोकाठ भरलंय का तेही बघा. निम्म्या फोनांचा आजार गुड मॉर्निंगचे फोटो हाच असतो. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आलाय की विक्री थांबल्यावरही फोनला पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं स्पेअर पार्ट द्यायचे, आणि बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के उरली पाहिजे. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक मंत्रालयाचं राइट टू रिपेअर पोर्टल आलं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी मिळते, पण ती माहितीच, तिकडच्यासारखी सक्ती नाही.

प्रश्न : खोक्यातून चार्जर काढला म्हणून एक कंपनी दुसरीला हसते आणि सहा महिन्यांत स्वतः तेच करते. यांना लाज नाही का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचं भोक गेलं, ॲपलचे फिल शिलर स्टेजवर म्हणाले की याला धैर्य लागतं. सॅमसंगने जाहिरातीत टर उडवली, २०१९ मध्ये नोट १० मधून स्वतःच ते भोक बुजवलं आणि ती जाहिरात गुपचूप उतरवली. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ बिनचार्जरचा आला, सॅमसंगने पुन्हा पोस्ट टाकून चिमटा काढला, जानेवारी २०२१ मध्ये एस२१ बिनचार्जरचा आणि पोस्ट गायब. म्हणून कंपनीने दुसऱ्या कंपनीला मारलेल्या टोमण्यांवर टाळ्या वाजवू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, दीड-दोन वर्षांनी ग्रुपवर टाकायला कामी येतो. पर्यावरण वगैरे ठीक आहे, पण खोकं लहान झालं की एका खेपेत जास्त फोन जातात आणि चार्जर वेगळा विकता येतो, हेही आहेच की.

टाइप-सी च्या वेळी मात्र टोमण्यांचा काही संबंध नव्हता, युरोपियन युनियनने कायदा केला की २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकला जाणारा फोन टाइप-सीचाच हवा, ॲपल आधी कुरकुरलं आणि आयफोन १५ पासून निमूटपणे सगळ्या जगात टाइप-सी दिलं. तुमच्या आमच्या घरातली एक केबल युरोपातल्या खासदारांमुळे कमी झालीय.

प्रश्न : यूट्यूबवर एखाद्या फोनला नावं ठेवली की पाच मिनिटांत दहा जण तुटून पडतात. हे लोक पेड असतात का? की मीच जास्त विचार करतोय? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : बहुतेक जण फुकटच लढत असतात आणि मला खरं तर त्याचीच जास्त काळजी वाटते. पण पेड नसतातच असं म्हणायची सोय नाही, कारण रेकॉर्डवर आहे. तैवानमध्ये ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथल्या फेअर ट्रेड कमिशनने सॅमसंगला एक कोटी तैवानी डॉलरचा दंड केला, कशासाठी, तर पैसे देऊन माणसं बसवून ऑनलाइन एचटीसीच्या फोनांना नावं ठेवायला आणि सॅमसंगची तारीफ करायला लावलं म्हणून. एचटीसी तिथली घरची कंपनी. म्हणजे तिथले लोक एकमेकांशी ‘तुला काय कळतंय’ करून भांडत होते त्यातल्या काहींना ते करायचा पगार मिळत होता!

हे फक्त सॅमसंगचं नाही. २०१२ मध्ये नोकियाने लुमिया ९२० चा कॅमेरा किती स्थिर हे दाखवायला सायकलवरून शूट केलेला व्हिडिओ टाकला, एका खिडकीच्या काचेत प्रतिबिंब पडलं आणि लोकांनी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलं तर आत व्हॅन आणि मोठ्ठा कॅमेरा. नोकियाला माफी मागावी लागली. गुगलचं तर याहून भारी, २०१९-२० मध्ये अमेरिकेत रेडिओ जॉकींकडून पिक्सेल ४ ‘माझा आवडता कॅमेरा’ छापाच्या जाहिराती वाचून घेतल्या आणि त्यांच्या हातात फोनच दिलेला नव्हता. २०२२ मध्ये गुगल आणि आयहार्टमीडिया ही रेडिओ कंपनी यांना मिळून ९४ लाख डॉलर भरावे लागले. एवढं होऊनही ऑगस्ट २०२४ मध्ये फुकट पिक्सेल घेणाऱ्या इन्फ्लुएन्सरांच्या अर्जात ओळ सापडली की दुसऱ्या कंपनीचे फोन जास्त आवडताना दिसलात तर संबंध संपले. ओरड झाली तेव्हा ती ओळ काढली.

आपल्याकडे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचे नियम आणले, जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने इन्फ्लुएन्सरांसाठी वेगळी मार्गदर्शिका काढली. पैसे, फुकट फोन, परदेश ट्रिप, काहीही घेतलं असेल तर प्रेक्षकाला दिसेल असं सांगायचं, दिशाभूल केली तर पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, आयएस १९००० हे मानकही २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक. तर रिव्ह्यू बघताना डिस्क्रिप्शन उघडून शेवटपर्यंत वाचत जा, ‘पेड पार्टनरशिप’ तिथेच कुठेतरी कोपऱ्यात घातलेलं असतं.

कमेंटमधला माणूस पेड आहे की भक्त, हे मात्र ओळखता येत नाही, आणि मी तर तो प्रयत्नच सोडलाय. तो जे म्हणतोय ते कुणाला घरी करून बघता येईल का एवढंच मी बघतो. मार्च २०२३ मधलं चंद्राचं प्रकरण आठवतंय का? सॅमसंगच्या फोनने चंद्राचे असले फोटो निघायचे की खड्डे मोजून घ्यावेत. खरे की खोटे यावर किती दिवस नुसती जुगलबंदी चालू होती. मग रेडिटवर एकाने काय केलं, चंद्राचा फोटो घेतला, तो बारीक करून मुद्दाम धुरकट केला, इतका की त्यात तपशील उरलाच नाही, तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर लावला, खोलीतले लाइट घालवले आणि लांबून गॅलेक्सीने फोटो काढला. फोटोत खड्डे हजर! जे समोर नव्हतंच ते फोनने भरलं. शिवाय कसं केलं ते सगळं लिहून दिलं, म्हणजे कुणीही करून बघावं, आणि लोकांनी बघितलंही. मग सॅमसंगला सविस्तर खुलासा करावा लागला की आमचं एआय चंद्र ओळखतं आणि तपशील वाढवतं. आता त्याला फसवणूक म्हणायचं की फीचर यावर भांडा खुशाल, पण निदान भांडण एका खऱ्या गोष्टीवर आलं.

प्रश्न : इथे न्यू जर्सीतले मित्र म्हणतात भारतात जाताना आईसाठी इथूनच आयफोन घेऊन जा, स्वस्त पडतो. भारतातला भाऊ म्हणतो अजिबात नको. कोण बरोबर? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : भाऊ. अमेरिकेतल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलना सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. आईंना फोन बिघडल्यावर सिम काढून जुन्या फोनमध्ये टाकायची सवय असेल तर त्या दर वेळी तुम्हालाच फोन लावतील, तोही शेजारणीच्या मोबाईलवरून आणि तुमच्या रात्री तीन वाजता.

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक स्कूटर सर्व्हिस सेंटरला धूळ खात पडलीय. वैतागून पोस्ट टाकली तर मित्रच म्हणतात देशी कंपनीची बदनामी करतोस, चिनी मोबाईल वापरताना लाज वाटत नाही का. काय बोलावं? (एक वाचक, लातूर)

उत्तर : पैसे तुमचे गेलेत, स्कूटर तुमची अडकलीय, आणि देशप्रेमाची परीक्षा पण तुम्हीच द्यायची? 

हे तुमच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉमेडियन कुणाल कामराने सर्व्हिस सेंटरबाहेर दाटीने उभ्या असलेल्या ओला स्कूटरींचा फोटो एक्सवर टाकला, तर कंपनीचे मालक भाविश अग्रवाल स्वतः उतरले, हे पेड ट्वीट आहे, तुझं कॉमेडी करिअर फसलंय, ये आमच्याकडे काम कर जास्त पैसे देतो, असं काय काय. दोन्हीकडून सेना उतरल्या आणि स्कूटर बाजूलाच राहिली. त्याच दिवसांत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस काढली, त्यात आकडा होता, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एका वर्षात आलेल्या १०,६४४ तक्रारी. कंपनी म्हणाली ९९ टक्क्यांवर सोडवल्या. ते खरं की नाही यावर वाद घालता येतो, तपासता येतं. कामरा विनोदी आहे का यावर वाद घालून कुणाची स्कूटर चालू होणार आहे सांगा.

आणि देशी-चिनीचं म्हणाल तर मित्रांना जरा हिशेब मांडायला लावा. मोटोरोला अमेरिकन वाटतो, २०१४ पासून तो चिनी लेनोवोचा आहे. आयफोन अमेरिकन कंपनीचा, पण तमिळनाडूत फॉक्सकॉनकडे जुळणी होतो, आणि टाटाही आता आयफोन बनवतात. शाओमी चिनी, पण आपल्याकडे विकते त्या फोनांची जुळणी बहुतेक इथेच. सगळ्यात मजा वनप्लस आणि ओप्पोवाल्यांची, ते एकमेकांना इतकं हिणवतात, आणि २०२१ मध्ये वनप्लस अधिकृतपणे ओप्पोत विलीन झाली, सॉफ्टवेअरचा पायासुद्धा एक केला. रियलमीची सुरुवातही ओप्पोच्याच घरातून. तर कुठल्या फोनची बाजू घेतली की देशभक्त ठरतो ते मित्रांनी ठरवावं, तोवर तुम्ही स्कूटरच्या जॉबकार्डची तारीख घालून दुसरी पोस्ट टाका.

प्रश्न : गुगलला भारतात हजार-बाराशे कोटींचा दंड झाला, व्हॉट्सॲपलाही झाला म्हणे. त्यावर ग्रुपमध्ये लोक नाचत होते. पण मला काय मिळालं? उलट हे सगळं फुकट देतात, तक्रार कशाला? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : रोख काहीच नाही, दंड सरकारजमा होतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडवरून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला, कारण प्ले स्टोअर हवं असेल तर बाकीची गुगल ॲपही फोनमध्ये आधीच भरून द्या अशी फोन कंपन्यांना अट होती. गुगल अपिलात गेलं, मार्च २०२३ मध्ये रक्कम कायम राहिली आणि काही आदेश रद्द झाले. पण त्याआधी जानेवारीतच गुगलने जाहीर केलं होतं की भारतातल्या कंपन्यांना एकेकटं ॲप घेता येईल आणि नव्या फोनमध्ये सर्च कुठला ठेवायचा ते ग्राहक निवडेल. म्हणजे तुम्हाला मिळालं ते हे, एक पर्यायांची यादी, जी आपण सगळे न वाचता पुढे ढकलतो.

व्हॉट्सॲपचं मूळ जानेवारी २०२१ मधलं, नवी प्रायव्हसी पॉलिसी मान्य करा नाहीतर ॲप बंद होईल असा तो दम होता. तेव्हा सोसायटीचे ग्रुप, भिशीचे ग्रुप, दहावीच्या बॅचचे ग्रुप सगळे सिग्नलवर पळाले आणि काही आठवड्यांत एकेक करून परत आले, कारण दूधवाला काही सिग्नलवर गेला नव्हता. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पॉलिसीवरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड झाला. फुकट म्हणताय तर हे बघा, सगळे जिथे आहेत तिथून निघताच येत नाही हीच त्यांची कमाई आहे. आयोगाचं म्हणणंही साधारण तेच होतं, की लोकांना दुसरीकडे जायची सोय नसताना ‘मान्य करा नाहीतर सोडा’ म्हणणं हा दांडगावा आहे. हा शब्द माझा, आयोगाने सभ्य भाषेत लिहिलंय.

प्रश्न : माझ्या दीड वर्ष जुन्या फोनच्या स्क्रीनवर अपडेटनंतर हिरवी उभी रेघ आली. सर्व्हिस सेंटर म्हणतं वॉरंटी संपली, १४ हजार भरा. मुलगा म्हणतो ऑनलाइन पोस्ट टाक, मिस्टर म्हणतात कोर्टात जा, सासूबाई म्हणतात नवा घे. (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सासूबाईंचं सध्या बाजूला ठेवा. ताई, ही रेघ तुमच्या एकटीच्या फोनला आलेली नाही, ओलेड स्क्रीनच्या कितीतरी फोनांत भारतात ही तक्रार झालीय, आणि लोकांनी ऑनलाइन एवढा पिच्छा पुरवला म्हणूनच वनप्लसने ग्रीन लाइनसाठी स्क्रीनवर आजीवन वॉरंटी जाहीर केली आणि सॅमसंगने २०२४ मध्ये काही गॅलेक्सी मॉडेलची स्क्रीन एकदा मोफत बदलून द्यायचं कबूल केलं. तेव्हा तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने असं काही जाहीर केलंय का ते आधी बघा, सर्व्हिस सेंटरवाले आपणहून सांगतीलच असं नाही.

मुलाचं ऐका, पण पोस्ट कशी लिहायची ते सांगतो. कंपनी चोर आहे, लुटारू आहे असलं काही नको, त्यावर फक्त त्या कंपनीचे भक्त जमा होतात. मॉडेल, कधी घेतला, कोणत्या अपडेटनंतर रेघ आली, जॉबशीटचा नंबर, त्यांनी किती सांगितले आणि तुम्हाला काय हवंय, एवढंच. रेघेचा फोटो टाका. आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळखक्रमांक, आणि फोन नंबर झाका. कंपनीच्या नावाने कुणी मेसेज करून लिंक किंवा ओटीपी मागितला तर तो चोरच, तक्रारीच्या पोस्टखाली असले खोटे कस्टमर केअरवाले टपूनच बसलेले असतात.

आणि पोस्ट टाकली त्याच दिवशी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या. कंपनी बरेचदा इथेच नरमते. नाहीच नरमली तर मिस्टर बरोबर आहेत, जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील लागतोच असं नाही, तुम्ही जिथे राहता तिथेच दाखल करता येते, मुदत दोन वर्षांची. वॉरंटी संपली की कंपनी मोकळी असं कायदा म्हणत नाही, मुळातच दोष होता हे दाखवता आलं तर मागता येतं, आणि एकाच मॉडेलला शेकडो लोकांना तीच रेघ आली हे दाखवायला त्या ऑनलाइन तक्रारींचे स्क्रीनशॉट उपयोगी पडतात. तारखेसकट काढा. बिलाचाही फोटो आजच काढून ठेवा, दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते आणि मग नुसता पांढरा कागद घेऊन कुठे जाणार.